बालेवाडीचा हॉल कुणाचा?

मंडळी, प्रो कबड्डीचं वेळापत्रक आलं की आपल्याला बालेवाडी आठवते. पण या बॅडमिंटन हॉलचा इतिहास मॅटवरच्या कबड्डीच्या आधीपासूनचा आहे. तो सांगावासा वाटला, म्हणून ही पोस्ट.

म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. वास्तुरचनाकार शशी प्रभू. तेव्हा हा भाग गावाबाहेर वाटायचा. 'एवढ्या लांब कोण जाणार?' असं आपणच म्हणायचो.

लोक गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये इथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. भारत ३३ सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. त्याच सुमारास इथेच जागतिक ज्युनिअर बॅडमिंटन स्पर्धा झाली आणि सायना नेहवाल ते विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली. पुढे २०१२ मध्ये तिने ऑलिंपिक पदक जिंकलं. त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या बालेवाडीत आहे, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे?

२०१४ पासून कबड्डी आली. मातीतला खेळ बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रंगला आणि पुणेरी पलटणसाठी गॅलऱ्या दुमदुमल्या. गंमत बघा, मार्च २०२४ ला पलटणने हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना हरवून करंडक आणला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला अंतिम सामना बालेवाडीत होता. जिंकले कोण? हरियाणा! पाटणा पायरेट्सवर ३२-२३ ने. २०२३ मध्ये संकुलात अल्टिमेट टेबल टेनिसही झालं. २०१९ आणि २०२४ ला मावळ लोकसभेची मतमोजणीसुद्धा याच संकुलात!

मोठे कार्यक्रम यावेतच, त्यांनीच जागेला नाव मिळतं. पण सायना त्या अंतिम सामन्यात पोचली ती रोजच्या सरावाने. म्हणून माझं साधं म्हणणं आहे. हॉल कोणत्या दिवशी कशासाठी राखीव आहे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर व्हावं. लीग असो वा निवडणूक, तेवढे दिवस सरावाची पर्यायी जागाही आधीच ठरावी. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

तुम्ही या हॉलमध्ये पहिला सामना कोणता पाहिलात? कमेंटमध्ये सांगा. आणि तुमची पोरं तिथे खेळतात का, तेही.