औषध निर्दोष, द्रावक विषारी

भूम तालुक्यातील ईट असो वा मुंबईतील गिरगाव, मुलाला खोकला झाला की दुकानातून गोड, रंगीत औषधाची बाटली आणण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. चिठ्ठी बहुधा कोणी विचारत नाही. या बाटलीत प्रत्यक्ष औषध अगदी थोडे असते. बाकीचा भाग पाणी, साखर आणि औषध विरघळवणारे द्रावक यांचा. पातळ औषधांमुळे आजवर ज्या मोठ्या दुर्घटना घडल्या, त्यांतील अनेकींचे मूळ औषधात नव्हे, तर या द्रावकात होते.

पहिली गाजलेली दुर्घटना 1937 साली अमेरिकेत घडली. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरील गुणकारी औषध. ते पातळ रूपात देता यावे म्हणून मासेंगिल कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. हा द्रव रंगहीन, दाट आणि गोड. कंपनीने चव, रूप आणि वास तपासले; विषारीपणा तपासला नाही, कारण कायद्याची तशी सक्ती नव्हती. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर, 1938 साली, विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता दाखवून देण्याची सक्ती करणारा कायदा तेथे झाला.

हे द्रव्य घात कसे करते? शरीरात त्यापासून डायग्लायकोलिक आम्ल बनते. त्याने मूत्रपिंडातील पेशी मरतात, लघवी बंद होते आणि रुग्ण दगावतो. औषधांत चालणारे ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रवही असेच रंगहीन, दाट आणि गोडसर असतात. त्यांत विषारी द्रव मिसळला, तर डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. प्रयोगशाळेत वर्णलेखनाची परीक्षा केली, तरच कळते.

आपल्याकडे औषधांचा कायदा 1940 सालापासून आहे. तरीही 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन पोटात गेल्याने 14 रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून सरकारी औषध तपासणीपर्यंतचे अनेक दोष उघड झाले. अमेरिकेत 1937 साली कायदा अपुरा होता. येथे कायदा होता, पण पाळला गेला नव्हता.

2025 साली तेच पुन्हा घडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. उपचारांसाठी अनेकांना जवळच्या नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक मुले गेली. तमिळनाडूत बनलेल्या त्या 'कोल्ड्रिफ' औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे.

यातील सर्वांत खेदाची बाब अशी की लहान मुलांना अशा औषधाची बहुधा गरजच नसते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. शुद्ध औषधानेही लहान मुलांना लाभ होतो असे दिसलेले नाही. गुंगी येणे, छाती धडधडणे असे त्रास मात्र होऊ शकतात. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देणे योग्य नाही. पुरेसे पाणी, विश्रांती आणि एक वर्षावरील मुलाला थोडा मध एवढे बहुधा पुरते. श्वास जलद चालत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा मूल काही पीत नसेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

द्राव्य, द्रावक आणि द्रावण हा धडा शिकवताना शिक्षकांनी हा इतिहास जरूर सांगावा, असे आम्हांला वाटते. द्रावकाची तपासणी घरी करता येत नाही. ती कारखान्याने आणि शासनाने करावी, असा आग्रह आपण धरायला हवा. पण गरज नसलेली बाटली घरी न आणणे हे तर आजच आपल्या हाती आहे.