बिदरचे वाघ आणि आपला सर्जा

मंडळी, अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्यातल्या एका पोरीनं काही फोटो पाठवले. मॅडिसन हे कॉलेजचं गाव. तिथल्या विद्यापीठाचं मानाचं जनावर म्हणजे बिज्जूसारखा एक प्राणी. 2018 साली त्याचे माणसाएवढे 85 पुतळे चित्रकारांनी आपापल्या परीनं रंगवले, गावभर उभे केले आणि पुढं लिलावात विकून पैसे समाजकार्याला दिले.

हौस चांगली आहे. पण खटकचिंचोळीच्या माणसाला हे बघून बिदरच आठवणार की!

बिदरसुद्धा कॉलेजचंच गाव, तेही 1472 पासूनचं. बहमनींचा वजीर महमूद गवान यानं तिथं तीन मजली मदरसा बांधला. दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या टाइलांचं काम, आत मोठं ग्रंथालय. पुढं खोट्या पत्रावरून 1481 मध्ये गवानचा शिरच्छेद झाला, आणि 1696 मध्ये दारूच्या स्फोटात मदरशाची पुढची बाजू ढासळली. दोनपैकी एकच मनोरा राहिला.

मानाचं जनावर बघायला मात्र किल्ल्यात जायला पाहिजे. तख्त महालाच्या कमानीवर रंगीत टाइलांत वाघ आहे, त्याच्या पाठीमागं उगवता सूर्य. ते राजचिन्ह. 1503 च्या शर्झा दरवाज्यावर दोन वाघ दगडात कोरलेले आहेत. त्यांना कुणी वाघ म्हणतं, कुणी सिंह. हजरत अलींना ‘ईश्वराचा सिंह’ म्हणतात, त्याची ती खूण असं जाणकार सांगतात. महालातला वाघ दरबारी मंडळींसाठी असेल. हे दोघे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी, भाजीची टोपली घेऊन आत जाणाऱ्या बाईसाठीसुद्धा.

फारसीत ‘शर्झा’ म्हणजे चवताळलेला. तोच शब्द आपल्या तोंडी ‘सर्जा’ झाला. पोळ्याला ज्या बैलाची शिंगं आपण रंगवतो त्याचं नाव सर्जा, आणि सर्जेरावही त्यातलेच. आमचे आजोबा तर सरळ ‘सर्जाचा दरवाजा’ म्हणायचे.

1 नोव्हेंबर 1956 ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात, आणि आपण भालकीकर म्हैसूर राज्यात. सोयरीक तिकडं, शेत इकडं. आमच्या मराठी शाळेच्या पुस्तकात रायगड होता, त्याच्या महादरवाज्यावर शरभही आहेत, ते योग्यच. पण घरापासून जवळ असलेले हे वाघ कुठल्याच धड्यात नव्हते. त्यामुळं आमच्या पिढीला ते ‘त्यांचे’ वाटत राहिले. गोठ्यात रोज हाक मारत होतो सर्जाला, तरी!

टाइलांचं काम नाजूक असतं, एकदा तुकडा गळाला की गेलाच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी लग्नानंतरच्या फिरण्याचे, शाळेच्या सहलीचे जुने फोटो असतील, मागं मदरसा नाहीतर किल्ला असेल, तर इथं टाका. साल आठवत असेल तर तेवढं लिहा. त्या वेळी किती रंग शाबूत होता ते त्यावरून कळेल.