आफ्रिका आणि आपला बालाघाट

आफ्रिका म्हटले की आपल्यापुढे सिंह, हत्ती आणि निबिड अरण्येच उभी राहतात. ही समजूत बरीचशी सिनेमाने करून दिलेली आहे. हे खंड सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरचे. भारतासारखे नऊ देश त्यात सहज मावतील. अरण्ये आहेत ती विषुववृत्ताच्या आसपास. उत्तरेस सहाराचे वाळवंट, आणि त्याच्या दक्षिणेला, सेनेगलपासून सुदानपर्यंत, कोरड्या माळरानाचा एक लांबच लांब पट्टा. त्याला साहेल म्हणतात. अरबीत साहेल म्हणजे किनारा. वाळूच्या समुद्राचा काठच म्हणा ना! पाऊस तेथे जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा. मग आभाळ कोरडे ठणठणीत. आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला हे वर्णन परके वाटावयाचे नाही.

आणि याच मुलखातून आपली भाकरी आली आहे. बाजरी माणसाच्या हाताखाली आली ती पश्चिम साहेलात, आजच्या मालीच्या बाजूस, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी. ज्वारी त्याच्याही थोडी आधी, पूर्व सुदानात. हे कळले कशावरून? मडकी घडविताना तिथल्या बायामाणसांनी मातीत भुसकट मिसळले. ते जळून गेले, पण त्याचे ठसे खापरांत राहिले. त्या ठशांवरून संशोधकांनी धान्य ओळखले. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात ही धान्ये भारतात पोचली, बहुधा अरबस्तानच्या किनाऱ्याकिनाऱ्याने. चवळी तिकडचीच. चिंचही मूळची तिकडची, आणि गंमत पाहा, अरबांनी तिला नाव दिले 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर.

बियाणे आले एवढ्यावर मात्र भागत नाही. पावसाच्या भरवशावरचे हे पीक आपल्या कुणब्यांनी काळ्या रानात, पाऊस ओसरल्यावर, जमिनीतल्या ओलीवर घ्यावयास सुरुवात केली. रब्बीची ज्वारी ती हीच. बीड जिल्ह्याच्या जिरायतीचा जीव कैक पिढ्या तिच्यात होता. भाकरीसाठी धान्य आणि दावणीला कडबा, दोन्ही तिनेच पुरविले.

धान्यामागून माणसे आली. पण ती आपखुषीने नव्हे. इथिओपियाला अरब 'हबश' म्हणत, म्हणून तिकडचा तो हबशी. आज हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, हे लाजिरवाणे आहे. सुमारे १५४८ साली जन्मलेला असाच एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादपर्यंत फिरला आणि शेवटी अहमदनगरास आला. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, तोही हबशीच! हा मुलगा म्हणजे मलिक अंबर.

१६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. बीड-धारूरचा हा टापू तेव्हा निजामशाहीतला. धनी बदलणार अशी वेळ. अंबरने शेजारच्या परंड्यास नवा निजामशहा गादीवर बसविला आणि पंचवीस वर्षे मोगलांशी झुंज दिली. त्याचे बळ मराठा घोडेस्वारांत होते. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले.

पण लढायांपेक्षा मला त्याचा वसूल मोठा वाटतो. जमिनीची पाहणी करावी, बरी-वाईट प्रत ठरवावी आणि पिकाच्या मानाने सारा घ्यावा, ही त्याची रीत. दुष्काळी मुलखात असा हिशेब म्हणजे रयतेच्या पोटाला आधार. त्याच्यामागे ही घडी टिकली नाही. १६३१ साली धारूरचा किल्ला मोगलांकडे गेला, तोही दख्खनच्या भयंकर दुष्काळात, आणि १६३६ त निजामशाही संपली.

अंबर स्वतः १६२६ साली वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग, की अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्रच त्याने काढवून घेतले. ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.