चोवीस टॉफ्या आणि दुधाचे दात

मराठीत दात 'किडतो'. धान्याला लागते तशीच कीड दाताला लागते, असे आपली भाषा मानते. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांत 'कृमिदंतक' आहे, आणि बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातल्या अळीची कथा सापडली आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे पाडण्याचा' उपाय आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. युरोपात याच कामासाठी खुरासनी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकत. उष्णतेने फुटलेल्या बीमधून जो पांढरा अंकुर बाहेर येई, तो हुबेहूब अळीसारखा दिसे. रोग्याची खात्री पटायला आणखी काय हवे?

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकातून ही अळी शोधून पाहिली. ती काही सापडली नाही. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने गोड खाण्याला दोष दिला. पण साखर दात कशी पोखरते, हे त्याला सांगता येण्यासारखे नव्हते. ते काम विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने केले. काढलेले दात त्याने लाळेत ठेवले आणि त्यात पाव किंवा साखर घातली. काही काळाने दातांतील कॅल्शियमचे क्षार विरघळून ते मऊ पडले. पावाऐवजी मांस घातले तर तसे झाले नाही, आणि लाळ आधी उकळून घेतली तरीही झाले नाही. म्हणजे लाळेतले जिवंत जिवाणू पिष्ट आणि साखर खातात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. मिलरचा इंग्रजी ग्रंथ १८९० साली निघाला. (पुढे १९२४ साली लंडनमध्ये क्लार्कने स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणू किडक्या दातांतून वेगळा केला.) कीड होती तर, पण अळीची नव्हे!

तरीही शिक्षकांच्या आणि पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उरलाच होता. साखर किती खाल्ली याने फरक पडतो, की केव्हा आणि कशी खाल्ली याने? या प्रश्नाच्या उत्तराची कथा फारशी अभिमानास्पद नाही.

स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात दातांची अवस्था वाईट होती. तीन वर्षांच्या मुलांतही बहुतेकांचे दात किडलेले असत. १९३८ साली तेथे सरकारी दंतसेवा सुरू झाली, पण नुसती भोके बुजवत बसणे परवडणार नव्हते. कारण शोधणे भाग होते. त्यासाठी निवडले गेले लुंड शहराजवळचे व्हिपेहोल्म रुग्णालय. येथे तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे कायमची ठेवलेली असत. त्यांचे खाणेपिणे पूर्णपणे संस्थेच्या हाती होते, आणि प्रयोगाला हेच सोयीचे वाटले. १९४५ साली जीवनसत्त्वांपासून सुरुवात झाली आणि १९४७ पासून साखरेचे प्रयोग झाले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पेय दिले, दुसऱ्याला गोड पाव, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये चॉकलेट किंवा टॉफी. एका गटाच्या वाट्याला दिवसाला चोवीस टॉफ्या आल्या. या टॉफ्या मुद्दाम दाताला चिकटून राहतील अशा बनवल्या होत्या. गोड पदार्थांच्या उद्योगानेही या कामाला हातभार लावला.

निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळेला खाल्लेल्या चिकट गोडाने मात्र ती झपाट्याने वाढली, आणि ते गोड बंद केल्यावर पुन्हा मंदावली. किडलेले दात काही परत आले नाहीत. ज्यांचे दात गेले, त्यांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना कोणी विचारलेही नव्हते. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाही. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटे फक्त शनिवारी देण्याची प्रथा रुजली. ती रुजवणारे ज्ञान कोणाच्या तोंडातून आले, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

मधल्या वेळच्या गोडाचा एवढा परिणाम का, याचा खुलासा अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफनच्या १९४० च्या दशकातील मोजणीतून होतो. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू साडेपाचच्या खाली उतरतो, आणि तेथे दातावरचे कवच विरघळू लागते. लाळ हळूहळू हे आम्ल निवळवते. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. या काळात दुसरी गोळी तोंडात पडली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हाच हिशेब तान्ह्या मुलांना लावून पाहा. झोपेत लाळ फार कमी स्रवते. तोंडात दुधाची बाटली ठेवून मूल झोपले, तर वरच्या पुढच्या दातांभोवती दूध साचून राहते. बाटलीत साखर घातली असेल किंवा चोखणी मधात बुडवलेली असेल, तर विचारायलाच नको. अमेरिकेतील डॉ. एलियास फास यांनी १९६२ साली या किडीचे ठरावीक चित्र लोकांपुढे ठेवले: वरचे पुढचे चार दात आधी जातात, मग दाढा, खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असल्याने बहुधा वाचतात.

हे ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवावे, वरचा ओठ अलगद उचलावा आणि हिरडीलगत पाहावे. तेथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असू शकते. ती भोक पडण्याच्या आधीची असते, आणि या टप्प्यावर फ्लोराइड व खाण्यातील बदल यांनी ती थांबवता येते. पुढे रेघ पिवळी-तपकिरी होते आणि मग दात तुटतो. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत थोडा गोंधळ होईल. तेथे पांढरे डाग बहुतेक पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर, डावीकडे-उजवीकडे सारखेच आणि दातभर पसरलेले दिसतात, हिरडीपाशीच नव्हे.

पहिला दात आला की ब्रश सुरू करावा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यांच्या मागे, सहाव्या वर्षाच्या सुमारास, काहीही न पडता एक नवी दाढ उगवते. ती कायमची असते. पहिलीतल्या मुलांच्या घरी तिला अनेकदा दुधाची दाढ समजतात आणि ती किडली तरी कोणी दंतवैद्याकडे नेत नाही.