बंबात घातलेले अंक

मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला. ती पुण्याला शिकते. वसतिगृहात तीन दिवस पाणी नव्हतं म्हणून तिने इंस्टाग्रामवर चार ओळी लिहिल्या आणि संध्याकाळी स्वतःच काढून टाकल्या. का गं, विचारलं तर म्हणाली, "कोणी तक्रार केली तर? कशाला लफडं, आबाजी!"

चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. लगेच चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला आमच्या घरचा बंब आठवला.

१९७५ साल. आमचं चामोर्शी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं. नागपूरचा पेपर एस.टी.ने दुपारनंतर यायचा. माझी नोकरी नवीन होती आणि साने गुरुजींनी सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक मला टपालाने येत असे. २५ जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. काही दिवसांनी शाळेत कोणीतरी कुजबुजलं की टपालातून कोणाकडे काय येतं ते पाहतात म्हणे. खरं की खोटं, देव जाणे. त्या रात्री मी दीड वर्षाचे अंक काढले आणि पहाटे बंबात घातले. आई म्हणाली, "आज पाणी लवकर तापलं रे!" मी काही बोललो नाही.

गंमत अशी, की मला कोणी विचारायला आलंच नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मी भीतीने अंक जाळत होतो, तेव्हा ते छापणारे काय करत होते? 'साधना'चे संपादक यदुनाथ थत्ते होते. साप्ताहिकावर कारवाई झाली, तर ते उच्च न्यायालयात गेले. मिनू मसानींनी 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९७६ मध्ये सेन्सॉरविरुद्ध जिंकलेसुद्धा. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत सरकारविरुद्ध उघड बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. अर्थात, बहुतेक मोठी वर्तमानपत्रं मुकाट छापत राहिली हेही खरं. उगाच सगळ्या पत्रकारितेची आरती ओवाळायला नको.

इतिहास शिकवताना मी मुलांना १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा समजावून सांगत असे. मराठी, बंगाली पत्रांना तो लागू, इंग्रजी पत्रांना नाही. छापखानेवाल्याकडून जामीन घ्यायचा, मजकूर 'असंतोष' पसरवणारा आहे की नाही ते जिल्ह्याच्या साहेबाने ठरवायचं, आणि त्यावर कोर्टात अपील नाही. तो कायदा लॉर्ड रिपनच्या काळात गेला, पण राजद्रोहाचं कलम होतंच. लोकमान्यांना 'केसरी'तल्या मजकुरापायी १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. कलमांचे आकडे बदलतात, युक्ती तीच. शब्द इतका सैल ठेवायचा की त्यात कोणालाही बसवता यावं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम तसंच होतं. 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रासदायक' असं काही संगणकावरून पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला. दुसरीने तो नुसता 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला.

ही बातमी मी आमच्या ओसरीवर बसून वाचली. पेपर आणि वाहिन्यांनी ती लावून धरली. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरचा खटला बंद झाला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ६६अ घटनाबाह्य ठरलं.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. टिळकांकडे स्वतःचं पत्र होतं, मसानींकडे मासिक होतं. पालघरच्या मुलींकडे काय होतं? एक मोबाइल! ना छापखाना, ना संपादक, ना वकील. पूर्वी पत्रकार स्वतःच्या लेखणीसाठी लढले, इथे ते परक्या पोरींच्या चार ओळींसाठी उभे राहिले. तसंच काश्मीरचं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं इंटरनेट बंद झालं तेव्हा 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० ला न्यायालयाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करावे लागतील. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा ते सरकारी कक्षाने ठरवायचं, हा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यात विनोदी कलाकार कुणाल कामरांबरोबर एडिटर्स गिल्डही याचिकाकर्ती होती.

आमच्या जिल्ह्यात तर आधी इंटरनेट पोचण्याचाच प्रश्न. इथे माओवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचल्या. माणसाचा आवाज फक्त सरकारच बंद करतं असं नाही.

आणि कलम रद्द झालं म्हणून भीती रद्द होते का? ६६अ मेल्यावरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात होते. २०२१ मध्ये हे कळल्यावर सर्वोच्च न्यायालयानेच आश्चर्य व्यक्त केलं आणि २०२२ मध्ये असे खटले मागे घ्यायला सांगितलं. ठाण्यातल्या पुस्तकातून कलम जायला सात वर्षं लागली, तर पोरींच्या मनातून जायला किती लागतील?

असो. रविवारी मी नातीला परत फोन केला आणि बंबाची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत ही गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नव्हती, तिच्या आजीलासुद्धा नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबाजी, तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

म्हटलं, "अजून वाटतं."

तिने ते पुन्हा लिहिलं की नाही, मी विचारलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं. तुमच्यापैकी कोणी त्या दिवसांत असं काही जाळलं, लपवलं किंवा जपलं असेल, तर जरूर सांगा. आपल्या नातवंडांना तरी सांगाच.