जे आधी होईल ते

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, गाडी घ्यायचं ठरतंय. डिझेल घेऊ की पेट्रोल?" मी जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या घरात गाडीच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते, हेही त्याला ठाऊक आहे. मी उलट विचारलं, "वर्षाला रनिंग किती होईल?" तो जरा गडबडला. म्हणाला, "चार-पाच हजार. मी आता घरूनच काम करतो ना."

फोन ठेवला आणि कपाटातली जुनी निळी वही काढली. वही 1986 सालची. त्या वर्षी आम्ही साताऱ्यात पहिली गाडी घेतली, 1968ची फियाट. "डिलाइट" म्हणायचे त्या मॉडेलला. गाडी सेकंडहँड, नव्हे, तिसऱ्या हातातली असावी. मीटरला पाचच आकडे, त्यामुळे 99,999 झाले की पुन्हा शून्य. विकणारा म्हणाला, एकदाच फिरलाय. आम्ही विश्वास ठेवला, दुसरं करणार काय?

त्या काळात "विश्वासू गाडी कोणती" असा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे, कारण निवडायला होतंच काय? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार. 1954पासून फियाट 1100 निघू लागली, 1964मध्ये डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच "पद्मिनी" झाली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबेसिडर, मद्रासला स्टँडर्ड. संपली यादी. 1970च्या दशकात उभ्या देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीसुद्धा तयार होत नव्हत्या. गाडीची किंमत सरकार ठरवायचं आणि त्यावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. जी मिळेल ती आपली. (लग्नंही तेव्हा थोडीफार अशीच जमत, पण तो विषय वेगळा.)

त्यामुळे विश्वासाचा अर्थच वेगळा होता. गाडी बंद पडणार हे गृहीतच. प्रश्न एवढाच की, बंद पडली तर कोण दुरुस्त करील? फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, बोनेट उघडलं की सगळं समोर दिसे. हातात पाना असलेल्या कुठल्याही मिस्त्रीला ते पाठ. पॉइंट घासायचा, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर फुंकायचा आणि निघायचं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी इतकी वर्षं चालवली ती काही शोभेसाठी नव्हे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 2003च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. पेपरात तो फोटो पाहून ह्यांनी चष्मा काढून पुसला होता.

असो. वहीकडे येते. दर 31 मार्चला मीटरचा आकडा लिहायचा, ही माझी शिस्त. शाळेचा निकालही त्याच सुमारास लागायचा, म्हणून हा गाडीचा निकाल. 1987-88 मध्ये 2,610 किलोमीटर. 1988-89 मध्ये 2,140. बस. आम्ही दोघं नोकरीला सायकलने आणि पायी जाणारे. गाडी म्हणजे वाईचा गणपती, औंधची यात्रा, माहेरची लग्नं.

1989च्या एप्रिलात मिस्त्रींनी सर्व्हिसिंगची चिठ्ठी दिली. ऑइल, प्लग, पॉइंट, ग्रीसिंग, फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होज पाइप. माझ्या हातात पेपर तपासायची लाल पेन्सिल होतीच. बेल्ट आणि पाइप या दोन ओळींवर मी रेघ मारली. "वर्षात दोन हजार किलोमीटरसुद्धा धड फिरली नाही, पाइप कशाला झिजेल?" मिस्त्री ह्यांना म्हणाले होते, "साहेब, रबर आहे, ते उभ्या उभ्या म्हातारं होतं." ह्यांनी ते मला सांगितलंही. मी हिशेब दाखवला. हे गप्प बसले.

मे महिन्यात मामंजींना पक्षाघाताचा झटका आला. सकाळी उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, पुण्याला हलवा. अँब्युलन्सची वाट पाहण्यापेक्षा गाडी दारात होती. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. खंबाटकीचा बोगदा तेव्हा नव्हता, सगळी वाहतूक घाटातूनच. अर्ध्या चढावर बोनेटमधून वाफेचा लोट उठला. वरचा होज पाइप उभा चिरला होता.

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून आधी ते निवायची वाट पाहायची. भर उन्हात. एक ट्रकवाला थांबला. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी पाइपावर करकचून गुंडाळली, वरून तार पिळली. मामंजींसाठी घेतलेल्या कॅनमधलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं. पुढे दर दहा-पंधरा मैलांवर थांबत, पाणी भरत पुण्याला पोचलो. अडीच-तीन तास त्यात गेले.

मामंजी त्यानंतर चार वर्षं होते. तलाठी म्हणून आयुष्य काढलेला माणूस, मोडी अक्षर असं की मोत्याची सर. तो हात पुन्हा कागदावर फिरला नाही. उशिरामुळे असं झालं का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ह्यांनी तर त्या लाल रेघेचा विषय आजतागायत काढलेला नाही. पुढच्या सर्व्हिसिंगची चिठ्ठी त्यांनी नेहमीसारखी माझ्यापुढे ठेवली. मी न वाचता पैसे काढून दिले.

1994 मध्ये आम्ही मारुती 800 घेतली. तिचा इतिहास तुम्हांला माहीत असेलच. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. 796 सीसी, तीन सिलिंडर. गाडी बाजारात यायच्या आधीच दहा-दहा हजार भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. लोक तिच्या ॲव्हरेजचं कौतुक करत. मला नवल वाटलं ते गाडीसोबत आलेल्या छोट्या पुस्तिकेचं. जुन्या गाडीबरोबर असलं काही आलंच नव्हतं. तिच्यात प्रत्येक सर्व्हिसिंगपुढे दोन आकडे होते, किलोमीटर आणि महिने, आणि खाली लिहिलेलं: जे आधी होईल ते. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. आमच्या मिस्त्रींनी हेच सांगितलं होतं, फक्त छापून दिलं नव्हतं.

विश्वासाचा अर्थ इथे बदलला. मिस्त्रीला कळणारी गाडी जाऊन मिस्त्रीची गरज क्वचित लागणारी गाडी आली. आणि आपण माणसं अशी की, गरज लागत नाही म्हटल्यावर तारखा विसरलो.

आता भाच्याचं डिझेल. एके काळी डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं, कारण त्याचे दर सरकारच्या हातात होते. गाडी महाग, पण रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे वसूल व्हायचे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि तो हिशेब ढासळला. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. नुसती मंडईपर्यंत नेऊन आणली तर गाळणी तुंबते. मारुतीने तर तेव्हापासून डिझेल मोटारी करणंच थांबवलं. वर्षाला चार-पाच हजारवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. पेट्रोलची घे म्हटलं, आणि जिचं सर्व्हिस सेंटर घरापासून जवळ आहे ती घे.

त्याने एक वापरलेली पाहून ठेवली होती. 2017ची, एकहाती, फक्त 21,000 किलोमीटर. "मावशी, जवळजवळ नवीच आहे!" मी म्हटलं, टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात ते वाच. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. संध्याकाळी त्याचा फोन आला. चारही टायरवर 1117. नक्षी अगदी कोरी, पण कडांना बारीक चिरा.

मालकाने चार टायरचे पैसे कमी केले. होज पाइप बदलायचे पैसे मी देणार आहे, असं मी भाच्याला सांगितलं. तो हसला. त्याला कारण माहीत नाही.