शरदातले साखरपुडे

पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले की जालना जिल्ह्यातील आमच्या गावांतून पहिली गडबड दिसते ती नदीकाठी. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची इकडे रीत आहे. दुधनेच्या आणि कुंडलिकेच्या काठचे खडक त्या आठवड्यात गोधड्यांनी झाकून जातात. घट न बसविणाऱ्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतही ही धुणी त्याच दिवसांत निघतात. ती कोणत्या धर्माची, असा प्रश्न आजवर कोणा बाईला पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

धुण्यात जे लुगडे विरते ते पुढच्या गोधडीत जाते. जुनी लुगडी थरावर थर अंथरायची, कडेने दोरा घालायचा आणि चौकोनातून चौकोन काढीत मध्यापर्यंत धावदोऱ्याने शिवत यायचे. दिवाळीपूर्वीच्या दुपारी आमच्या वस्तीतील बाया ओट्यावर एकाच गोधडीच्या चार कडांना बसलेल्या असतात आणि कोणाची मुलगी कोठे द्यायची हा विषय तेथेच निघतो. लग्नाच्या बोलण्यांना पुरुषांच्या बैठकीत प्रारंभ होतो, हा पुरुषांचा समज आहे.

या ऋतूचे दुसरे सुख भट्टीवरचे. आमच्या लहानपणी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, घरात ओव्हन ही वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. पातेल्यात वाळू तापवायची, आत पिठाचा डबा ठेवायचा, झाकणावर निखारे पसरायचे आणि देवाचे नाव घेऊन वाट पाहायची. केक कधी फुगे, कधी खालून करपे. आमची आई त्यात आंबिया बहाराच्या मोसंबीची साल किसून घालीत असे. मोसंबीला जालन्यात तोटा नाही, लोण्याला मात्र होता. नानकटाई आणि बिस्किटे यांसाठी मैदा, साखर, डालडा पत्र्याच्या डब्यात घालून गावातील मुसलमान भट्टीवाल्याकडे जायचे. दिवाळीच्या आधी हिंदू घरांचे डबे रांगेत असत, नाताळच्या आधी आमचे, ईदेला त्यांचे स्वतःचे. ‘नान’ हा शब्द फारसी, भट्टी मुसलमानाची, फराळ दिवाळीचा आणि खाणारे आम्ही.

जालन्याला पावाची ओळख तशी जुनीच असली पाहिजे. १८२७ साली येथे ब्रिटिशांची छावणी वसली आणि १९०३ साली ती उठली. पाऊणशे वर्षे गोरी फौज ज्या गावाशेजारी राहिली त्या गावाला पावभट्टीचे नवल उरणार नाही. याच छावणीच्या काळात रेव्हरंड नारायण शेषाद्री येथे आले. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण गृहस्थ. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. ते प्रोटेस्टंट पंथाचे, आम्ही कॅथलिक. औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला. तथापि जालन्यातील ख्रिस्ती घरांचा इतिहास सांगताना बेथेल टाळून पुढे जाणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. नातीगोती केव्हाच एकमेकांत मिसळलेली आहेत.

सहलीसाठीही हेच दिवस. रस्ते वाळलेले, रानात कापूस उमललेला. धर्मग्रामातील तरुणांना आम्ही टेंपोत बसवून भोकरदन तालुक्यात असईला नेतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, म्हणजे ऐन शरदात, येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. केळणेच्या समोरासमोरच्या काठांवर दोन गावे जवळजवळ दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्याने नदी ओलांडली. तर्क खरा ठरला. इंग्रजांकडील मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६०० माणसे त्या दिवशी खर्ची पडली. मुलांना तोफांच्या गोष्टी हव्या असतात. आम्ही त्यांना नदीचा उतार दाखवितो. परतताना भोकरदनची लेणी पाहतो आणि येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीची हकीकत सांगतो. १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे जी भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी हिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. ‘म्हणजे आमच्या गावचा कारागीर पोपच्या गावाजवळ पोचला होता,’ असे एका मुलाने म्हटले. पॉम्पेई गाडले गेले ते इसवी सन ७९ मध्ये आणि ते नेपल्सजवळचे, एवढी दुरुस्ती आम्ही केली. अभिमान तसाच राहू दिला.

परंतु या साऱ्या सुखांच्या तळाशी लग्नाचा विचार असतो, आणि तेथेच आमच्या जिल्ह्याचा शरद इतरांहून निराळा होतो.

युरोपात नोव्हेंबर हा लग्नाचा महिना का ठरला याचे उत्तर ट्रेंटच्या विश्वपरिषदेत आहे. पिके घरात आलेली असत आणि आगमनकाळ लागण्यापूर्वी लग्न उरकावे लागे. १५६३ साली त्या परिषदेने आगमनकाळापासून प्रभुप्रकटीकरणाच्या सणापर्यंत, आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या अष्टकापर्यंत समारंभपूर्वक विवाहास मनाई केली. १९१७च्या धर्मसंहितेने ती सैल केली, १९८३च्या संहितेत ती राहिलीच नाही. लोकांच्या मनात मात्र ती अद्याप आहे आणि आम्हीही ती घालवू पाहत नाही. त्याच परिषदेने लग्नापूर्वी तीन सणवारी मिस्साच्या वेळी पुकार करण्याची पद्धत निश्चित केली. पुकारीची मूळ आज्ञा १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेची.

इकडे दुसरे पंचांग. आमची माणसे मुहूर्त पाहत नाहीत, पण ‘तुळशीचे लग्न लागू द्या’ हे शब्द त्यांच्याही तोंडी असतात. मांडववाला, वाजंत्री आणि निम्मे सोयरे त्या पंचांगाने चालतात. तुळशीचे लग्न ते आगमनकाळाचा पहिला रविवार एवढाच काय तो अवकाश. २०२२ साली कार्तिकी एकादशी ४ नोव्हेंबरला आणि आगमनकाळ २७ला, म्हणजे तीन आठवडे मिळाले. २०२३ साली एकादशी २३ नोव्हेंबरला आणि आगमनकाळ ३ डिसेंबरला. तीन पुकारींना तीन रविवार लागतात, आणि त्या वर्षी मधे एकच रविवार होता.

तिसरे पंचांग साखरेचे. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात त्यांची रांग लागली, आणि १९७२च्या दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यातून ऊस तोडायला माणसे जाऊ लागली. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. प्रभुप्रकटीकरण ते राखेचा बुधवार हा विवाहाचा मोकळा काळ. त्या वेळी आमचे निम्मे धर्मग्राम फडावर, कोपीत असते. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा मुलगा म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही अर्धी. तेव्हा ट्रक येण्यापूर्वी मुलाचे लग्न लावले की कोयता पुरा होतो. सून किती वर्षांची, हा प्रश्न या हिशेबात येत नाही.

१९२९च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ ठरविले, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. १९७८ साली ते १८ झाले. धर्मसंहिता मुलीला १४ आणि मुलाला १६ वर्षांची मर्यादा घालते, ही गोष्ट काही पालक आमच्यापुढे युक्तिवाद म्हणून मांडतात. त्याच संहितेचे कलम १०७२ धर्मगुरूला सांगते की, त्या प्रदेशात रूढ असलेल्या वयापूर्वी तरुणांना विवाहापासून परावृत्त करावे. आणि कलम १०७१ प्रमाणे, देशाचा कायदा जो विवाह मान्य करीत नाही तो धर्माध्यक्षांच्या परवानगीवाचून आम्ही लावू शकत नाही. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते वाचले होते.

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे आले. मुलीचे वय अठरा सांगितले. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत ते सोळा निघाले. आम्ही नकार दिला, कलम वाचून दाखविले आणि आपले कर्तव्य झाले असे मानून मिस्साच्या तयारीला लागलो. त्यांच्या घरी गेलो नाही, उचल किती घेतली हे विचारले नाही. चार दिवसांनी गावातच हार घालून लग्न लागले आणि ट्रक निघून गेला. एप्रिलमध्ये ती मुलगी परतली तेव्हा तिला पाचवा महिना होता. रविवारी ती मागच्या बाजूला बसली, ख्रिस्तप्रसादाला पुढे आली नाही. नोंदवही खरी होती, पण त्या मुलीच्या कामी ती आली नाही.

त्यानंतर आम्ही जुन्या वाग्दानाकडे वळलो. कलम १०६२ विवाहाच्या वचनाला मान्यता देते, मात्र वचन मोडले म्हणून विवाहाची सक्ती करू देत नाही. ही दुसरी बाजू आम्हांस मुलीच्या दृष्टीने मोलाची वाटते. टोळ्या निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर साखरपुडे होतात. भट्टीवरची नानकटाई वाटली जाते, साखरेचा पुडा मुलीच्या ओटीत जातो, विवाह ईस्टरनंतर. मुलीला अठरा पुरी झालेली नसतील तर त्यापुढच्या ईस्टरनंतर. हंगामात मुलगी आजीजवळ राहते आणि मुलगा अर्धा कोयता म्हणून जातो.

यात कुटुंबाचे नुकसान आहे, ते आम्ही झाकत नाही. अर्धी उचल म्हणजे घरावरचे पत्रे पुढच्या वर्षावर. एका बापाने आम्हांस सुनावले, ‘फादर, नियम तुमचा, भूक आमची.’ त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्या वर्षी पाच साखरपुड्यांपैकी दोन मुली अखेर ट्रकवर चढल्याच. पुढे हे प्रमाण उतरत गेले. तेही आमच्या शब्दाने नव्हे. गोधडीच्या कडांना बसणाऱ्या बायांनी ते मनावर घेतले.

गेल्या शरदात एक आई निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे आली. लेकीच्या लग्नासाठी तिने दोन गोधड्या शिवल्या होत्या. फडावर थंडी फार, म्हणून एक ती सोबत नेणार होती. दुसरी तिने पुढे केली. ‘फादर, म्हातारी लेकीला घेऊन माझ्या भावाकडं जाणार. घराला कुलूप राहील, उंदरं कुरतडतील. लगनापातूर तुमच्यापाशी राहू द्या.’

आम्ही ती मिस्साच्या वस्त्रांच्या कपाटात, जांभळ्या झग्याखालच्या खणात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली.